खसखशीएवढ्या माशीचें नांव

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्यांत राजाही नाहीं आणि लढाईही नाहीं. त्याची नायिका खसखशीच्या दाण्याएवढी एक माशी आहे, आणि तिचें खरें नांव कोणतें एवढाच त्यांतला प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल; परंतु तो सोडवितां सोडवितां विद्वानांचीं चारशें वर्षें खर्चीं पडलीं आहेत, आणि एका चुकीच्या नांवापायीं एका संपन्न प्रदेशांतील फळबागांनीं जवळजवळ अर्धें शतक नुकसान सोसलें आहे. म्हणून आपल्या वेळांतील थोडीं मिनिटें या माशीसाठीं मागण्याचें धाडस करितों.

प्रथम तिची ओळख करून घेऊं. युरोपांतील कोणत्याही कुरणाच्या कडेला उन्हाळ्यांत रानगाजराच्या पांढऱ्या फुलांच्या छत्र्या उमलतात. आपल्या परसांत कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर आली म्हणजे तिचा फुलोरा असाच दिसतो. कारण हीं सारीं झाडें एकाच कुळांतलीं. अशा फुलोऱ्याजवळ स्वस्थ उभें राहून निरखून पाहिलें, तर मधमाश्या व फुलपांखरें यांच्याखेरीज कांहीं बारीक ठिपके फुलाफुलांवरून चालतांना आढळतात. कोणी काळा, कोणी पिवळा, कोणी मोरपिसासारखा हिरवा चकाकणारा. पुष्कळांना ती धूळ वाटते. परंतु त्या गांधीलमाशीच्या गोत्रांतल्या माश्या असतात. त्यांचें तोंड आंखूड असल्यामुळें खोल नळीच्या फुलांतील मध त्यांना मिळत नाहीं. ज्याचा मध उघड्यावर असतो, असें साधें रानफूलच त्यांना मानवतें.

आई अशी फुलांवर मधुकरी मागत हिंडते. मुलांचा आहार मात्र निराळा. ती आपलें अंडें दुसऱ्या एखाद्या कीटकाच्या अंगांत, अंगावर किंवा त्याच्या अंड्यांतच घालते. अंड्यांतून निघालेली अळी त्या कीटकाला पोखरून खाते, त्याच्याच आधारानें कोश करते, आणि शेवटीं पंख फुटून बाहेर पडते. तोंवर तो कीटक मेलेला असतो. शास्त्रज्ञ त्या बिचाऱ्याला 'यजमान' म्हणतात. पाहुण्यानें यजमानाचें अन्न खावें हें आपण समजूं शकतों. येथें पाहुणा यजमानालाच खातो. उवा किंवा जंत यांच्यासारखा परोपजीवी प्राणी बहुधा यजमानाला जिवंत ठेवतो, आणि वाघासारखा भक्षक एका दमांत शिकार करतो. ही माशी त्या दोहोंच्या मधली. यामुळें ओ. एम. रॉयटर या फिनलंडच्या कीटकशास्त्रज्ञानें १९१३ सालीं अशा प्राण्यांसाठीं एक स्वतंत्र शब्दच बनविला. आपण सोयीसाठीं 'परोपजीवी माशी' असेंच म्हणूं.

या चमत्काराकडे मनुष्याचें लक्ष फार पूर्वींच गेलें होतें. आपल्या वेदान्तग्रंथांत आणि संतवाङ्मयांत भ्रमरकीटकन्याय आहे, तो आपणांस ठाऊकच असेल. कुंभारीण माशी एक अळी धरून आणते, मातीच्या घरांत कोंडते. ती अळी भयानें माशीचेंच अखंड ध्यान करते, आणि ध्यान करतां करतां स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. जीव ईश्वराच्या चिंतनानें तद्रूप होतो हें पटविण्यासाठीं यापेक्षां सुंदर दृष्टान्त सांपडणें कठीण. त्यांतलें निरीक्षणही खोटें नव्हे: आंत अळी जाते आणि बाहेर माशी येते, हें कोणीही पाहूं शकतो. मध्यें जें घडतें तेवढेंच दृष्टीआड राहिलें. अळी मूर्च्छित पडलेली असते, तिच्याजवळ माशीचें अंडें असतें, आणि बाहेर येणारी माशी ही अळीचें रूपान्तर नसून तिच्यावर पोसलेलें दुसऱ्याचें लेंकरूं असतें. चीन देशांतही प्राचीन काव्यसंग्रहांत हीच समजूत आढळते. गांधीलमाशी परक्या अळीला नेऊन आपलें मूल करते, अशी ती होती. पांचव्या व सहाव्या शतकांत होऊन गेलेल्या ताओ होंगचिंग या चिनी वैद्यानें ती तपासून पाहिली, आणि माशी स्वतःचीं अंडीं घालते व अळी हें तिच्या पिलांचें अन्न असतें, असें स्पष्ट लिहून ठेविलें. पाहण्याचें कष्ट घेणारा मनुष्य कोणत्याही काळीं निघूं शकतो, याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

युरोपांत हा भ्रम पुष्कळ उशिरापर्यंत टिकला. इटालींतील बोलोन्या येथील पंडित आल्ड्रोव्हांडी यानें १६०२ सालीं कीटकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कोबीची पानें खाणाऱ्या अळीच्या अंगाभोंवतीं कधीं कधीं पिवळ्या रेशमी दाण्यांचा पुंजका दिसतो. आल्ड्रोव्हांडीला तीं अळीचींच अंडीं वाटलीं. वास्तविक तीं अंडीं नव्हतीं. अळीला आंतून खाऊन बाहेर पडलेल्या परोपजीवी माशीचे ते कोश होते. पुढें हॉलंडमधील मिडलबर्ग गांवचा चित्रकार यान गुडार्ट यानें अळ्या पाळल्या, त्यांची चित्रें काढलीं आणि १६६२ पासून तीं छापलीं. एकाच प्रकारच्या अळ्यांपैकीं कांहींतून फुलपांखरूं निघालें आणि कांहींतून माश्या निघाल्या, हें त्यानें प्रामाणिकपणें लिहिलें. परंतु एका अळीपासून दोन भिन्न प्रकारचीं संतति होऊं शकते, असा निष्कर्ष त्यानें काढला.

१६६८ सालीं फ्रांचेस्को रेदी यानें मांसाचे तुकडे उघडे व झांकलेले ठेवून, माशी बसल्यावांचून मांसांत किडे पडत नाहींत, हें सिद्ध केलें. आपोआप जीव निर्माण होतात या मताला त्यामुळें जबरदस्त धक्का बसला. तरी झाडांच्या पानांवर येणाऱ्या गांठींतील किडे झाडाच्या जीवनशक्तींतूनच उपजत असावेत, असें हा रेदीही मानीत असे. ती शेवटची शंका त्याच परंपरेंतील वालिस्नियेरी यानें पुढें दूर केली. त्याच सुमारास हॉलंडांतील लेवेनहूक यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून मावा कीड पाहतां पाहतां तिच्या पोकळ देहांतून बारीक माशी बाहेर पडतांना पाहिली, आणि इंग्लंडमधील जॉन रे यानें कोबीवरील अळीचा खरा उलगडा नोंदवून ठेविला. थोडक्यांत, अठरावें शतक उजाडतां उजाडतां 'ही माशी कोठून येते' या प्रश्नाला उत्तर मिळालें होतें. 'ही माशी कोण' हा प्रश्न तसाच राहिला होता, आणि तोच अधिक कठीण ठरावयाचा होता.

स्वीडनमधील लिनीअसनें १७५८ सालीं आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत प्राण्यांना दोन शब्दांचीं नांवें देण्याची पद्धति घालून दिली. लांब शेपटीच्या परोपजीवी माश्यांना त्यानें 'इक्न्यूमन' हें नांव दिलें. हा मूळचा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ माग काढणारा. मिसर देशांत मगरीचीं अंडीं हुडकून खाणाऱ्या मुंगुसालाही तो लावीत असत. लपलेल्या अळीचा माग काढणाऱ्या माशीला मुंगुसाचें नांव देणाऱ्या या मनुष्याची रसिकता आपणांसही पटेल. परंतु ज्या अतिसूक्ष्म माश्यांविषयीं आपण बोलत आहों, त्यांच्यापैकीं फारच थोड्या त्याच्या यादींत आल्या. साध्या भिंगाला त्यांच्यांतला भेद दिसत नव्हता, आणि जें दिसत नाहीं त्याला नांव देतां येत नाहीं.

खरा उद्योग सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. लंडनच्या जॉन कर्टिसनें १८२४ ते १८३९ या काळांत ब्रिटनमधील कीटकांचीं ७७० चित्रफलकें प्रसिद्ध केलीं. त्यांत कीटकाबरोबर बहुधा एखादी वनस्पतिही चितारलेली असे. रानफूल आणि माशी यांची संगत त्या पानांवर कायमची राहिली आहे. त्याच काळीं फ्रान्सिस वॉकर हा सुखवस्तु घराण्यांतील तरुण कापडी जाळें घेऊन कुरणें व झुडुपें झाडून काढीत असे. त्याला आयर्लंडमधील अलेक्झांडर हॅलिडे या अत्यंत काटेकोर अभ्यासकाची मैत्री लाभली होती. वॉकरचा या सूक्ष्म माश्यांवरील ग्रंथ १८३९ सालीं पुस्तकरूपानें निघाला. ज्यांच्या पंखांना पिसासारखी झालर असते अशा, इंग्रजींत 'परीमाशी' म्हटल्या जाणाऱ्या, माश्यांचें कुल हॅलिडेनें १८३३ सालीं वेगळें काढलें.

या ठिकाणीं माश्या ओळखण्याची रीत थोडी समजावून घेतली पाहिजे. त्यावांचून पुढील कथा कळणार नाहीं. रंग आणि आकार यांवर विसंबतां येत नाहीं. एकाच जातीची मादी हिरवी व नर पिवळा असूं शकतो. यजमान लठ्ठ असेल तर माशी मोठी, यजमान रोड असेल तर तीच माशी लहान. मेल्यावर तिचें अंग आक्रसतें. म्हणून अभ्यासक अवयव मोजतो. इक्न्यूमनच्या पंखांत शिरांचें जाळें असतें. या सूक्ष्म माश्यांच्या पंखाला कडेनें जाणारी बहुधा एकच शीर असते. पावलाला पांच सांधे असतील तर एक वाट, चार असतील तर दुसरी, तीनच असतील तर तिसरी. मागची मांडी फुगीर आहे काय? मधल्या पायानें ती टुणकन् उडी मारते काय? स्पर्शिकेच्या मण्यांची संख्या किती? अशा एकेका प्रश्नाला 'होय' किंवा 'नाहीं' असें उत्तर देत देत मनुष्य कोष्टकांतून खालीं उतरतो आणि अखेर एका नांवाशीं येऊन पोंचतो. वाटेंत एक सांधा चुकला कीं सबंध प्रवास चुकला.

यांत आणखी एक अडचण आहे. फुलावर पकडलेली माशी ही बाजारांत भेटलेल्या अनोळखी मनुष्यासारखी असते. चेहरा दिसतो, घर कोठें, आईबाप कोण, हें कळत नाहीं. ती कोणत्या किडीवर वाढली हें जाणण्यासाठीं रोगट अळ्या, गांठी व अंडीं गोळा करून बाटलींत ठेवावीं लागतात आणि आंतून काय निघतें याची दिवसेंदिवस वाट पाहावी लागते. चेहरा ओळखणारा आणि घर शोधणारा हे दोघेही असतील, तेव्हांच माशीची ओळख पुरी होते.

वॉकर पहिल्या कामांत वाकबगार होता. पण त्याला घाई फार. पुढें लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमसाठीं तो सर्व प्रकारच्या कीटकांच्या याद्या करूं लागला आणि हजारों नव्या जातींचीं नांवें त्यानें छापलीं. कित्येकदां एकाच जातीला त्यानें स्वतःच दोनदां नांव दिलें, आणि वर्णनें इतकीं त्रोटक लिहिलीं कीं त्यांवरून माशी ओळखणें दुष्कर झालें. १८७४ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्यामुळें शास्त्राची अपरिमित हानि झाली, असें एका मासिकानें मृत्युलेखांत लिहिलें. मृत मनुष्याविषयीं इतका कठोर शब्द सहसा कोणी लिहीत नाहीं. परंतु वॉकरनें एक गोष्ट चांगली केली होती: ज्या माशीवरून त्यानें वर्णन लिहिलें, ते मूळ नमुने पुष्कळ अंशीं शिल्लक राहिले. दस्तऐवजाच्या नकलेंत घोटाळा झाला तर आपण मूळ कागद मागतों. तसा या शास्त्रांत मूळ नमुना हाच अखेरचा साक्षीदार. सुमारें शतकानंतर इंग्लंडमधील मार्कस ग्रॅहम या अभ्यासकानें ते नमुने एकेक करून तपासले आणि १९६९ सालीं वायव्य युरोपांतील एका मोठ्या कुलाचा शुद्ध ग्रंथ सिद्ध केला. वॉकरच्या पसाऱ्यांतून ज्या ज्या ठिकाणीं खरें नांव निघालें, त्या त्या ठिकाणीं त्यानें तें वॉकरच्याच पदरीं घातलें.

मला स्वतःला यांतील दोन नांवांचा विशेष अभिमान वाटतो, कारण ते दोघेही शाळामास्तर होते. जर्मनींतील आखेन शहरीं आर्नोल्ड फोर्स्टर नांवाचे शिक्षक होते. शाळा सांभाळून त्यांनीं परोपजीवी माश्यांचा अभ्यास केला, आणि १८५६ सालीं सूक्ष्म माश्यांच्या कुलांचीं व प्रजातींचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. दुसरे व्हिएन्नाचे गुस्टाफ मायर. मुंग्यांचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याति आहे. पण वनस्पतींवरील गांठी आणि त्यांतून निघणाऱ्या माश्या यांवरही त्यांनीं पायाभूत लेखन केलें. ज्या मनुष्याला रोज सकाळीं वर्गांत हजेरी घ्यावी लागते, त्याला नांवाची किंमत सांगावी लागत नाहीं. एकाच्या नांवाला दुसऱ्यानें 'हजर' म्हटलें तर पटावर सर्व ठीक दिसतें, आणि वर्गांत एक मूल कमी असतें. श्रोतेहो, हा हजेरीपटाचा दृष्टान्त कृपा करून ध्यानांत ठेवा. थोड्याच वेळानें त्याची गरज पडणार आहे.

या विद्येच्या इतिहासांत एक करुण प्रकरणही आहे. अलेक्झांडर जिरो हा अमेरिकन तरुण १९११ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतीं उसावरील किडींच्या अभ्यासासाठीं गेला. तेथील रानांतल्या सूक्ष्म माश्यांनीं त्याला वेड लाविलें. तीन हजारांहून अधिक नव्या जातींचीं वर्णनें त्यानें लिहिलीं. व्यवहारोपयोगी कामाचा आग्रह धरणाऱ्या वरिष्ठांशीं त्याचें पटेना. मासिकें लेख छापीनात, तेव्हां तो पदरचे पैसे घालून चतकोर चोपडीं छापूं लागला. १९२० सालीं तर वरिष्ठाची थट्टा करण्यासाठीं त्यानें डोळ्यांस न दिसणाऱ्या एका काल्पनिक कीटकाचें, त्या वरिष्ठाच्या नांवावर कोटी करून, शास्त्रीय थाटाचें वर्णन छापलें. अखेर मन बिघडून १९४१ सालीं तो वेड्यांच्या इस्पितळांत वारला. त्याच्याही माश्या कांचपट्ट्यांवर उरल्या होत्या. त्या सोडवून लावण्याचें काम झेक विद्वान झ्देनेक बोउचेक यानें केलें. त्याचा ग्रंथ १९८८ सालीं निघाला. एकानें वादळाच्या वेगानें पेरलें, दुसऱ्यानें धीरानें निवडलें. ज्ञानाला दोघांचीही गरज लागली.

आतां कोणी विचारील, हा सारा खटाटोप कशासाठीं? माशीला काय म्हणावें यानें कोणाच्या ताटांत फरक पडतो? याचें उत्तर सांगतों.

जी माशी किडीला खाते ती शेतकऱ्याची मित्र होय, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या ध्यानीं आलें. आल्ड्रोव्हांडीनें ज्या पिवळ्या दाण्यांना अंडीं समजलें, त्यांतलीच ती कोबीची माशी १८८३ सालीं चार्ल्स रायली यानें इंग्लंडहून अमेरिकेंत नेली. एका खंडांतून दुसऱ्या खंडांत मुद्दाम नेऊन वसविलेली ही पहिली परोपजीवी माशी होय. मग कॅलिफोर्नियांतील संत्र्या-लिंबांच्या बागांचा प्रश्न पुढें आला. तेथें तांबडी खवलेकीड शिरली होती. ती पानांचा, फांद्यांचा व फळांचा रस शोषते आणि अंगावर खवल्याचें पांघरूण घेऊन बसते. बागवाले प्रत्येक झाडावर तंबू घालून आंत विषारी वायूची धुरी देत. ती धुरी महाग आणि माणसांनाही जीवघेणी. पुढें कीड तिलाही दाद देईनाशी झाली.

या किडीवर जगणाऱ्या माशीचें नांव ॲफायटिस. रंग पिवळा, लांबी मिलिमीटरभर. तिची एक जाति विसाव्या शतकाच्या आरंभींच कॅलिफोर्नियांत आपोआप येऊन पोंचली होती, पण तिच्यानें कीड पुरती आटोक्यांत येत नव्हती. मग पूर्वेकडील देशांत संशोधक पाठविण्यांत आले. तेथें तांबडी खवलेकीड विरळ होती, आणि तिच्यावर पिवळी, मिलिमीटरभर माशी दिसत होती. संशोधकांनीं ती पाहिली आणि म्हटलें, ही तर आपल्याकडे आहेच; ही नेण्यांत काय हंशील? हजेरीपटावर नांवापुढें 'हजर' अशी खूण झाली, आणि खरें मूल दाराबाहेर राहिलें.

सुमारें अर्धें शतक हें असेंच चाललें. बारकाईनें पाहिल्यावर मात्र असें आढळून आलें कीं, ही एक जाति नसून परस्परांसारख्या दिसणाऱ्या अनेक जाति आहेत. कोशावस्थेंत अंगावर उमटणाऱ्या काळ्या छटा निराळ्या; एकींत नरांवांचून माद्याच माद्यांना जन्म देतात, दुसरींत नर व मादी दोन्ही असतात; एकीला समुद्राकांठची हवा मानवते, दुसरीला आंतील प्रदेशांतला कडक उन्हाळा सोसतो. १९४७-४८ सालीं दक्षिण चीनमधून लिंगनानेन्सिस ही जाति नेण्यांत आली. नंतर १९५६-५७ सालीं हिंदुस्थान व पाकिस्तान या देशांतून आणखी एक जाति पॉल डिबाख यानें मिळविली. १९५९ सालीं तिला मेलिनस हें नांव मिळालें. कॅलिफोर्नियाच्या आंतल्या उष्ण भागांत हिनेंच बाजी मारली. आजही ती कीटकगृहांत वाढवून जगांतील अनेक देशांच्या बागांत सोडली जाते. आपल्या भूमीवरची एक अनामिक माशी परदेशच्या बागा राखीत आहे, आणि तिला तेथवर पोंचविलें तें कोणा सम्राटाच्या हुकमानें नव्हे, तर सूक्ष्मदर्शकाखालीं टिपलेल्या एका लहानशा भेदानें.

हिंदुस्थानांतही या विद्येचे थोर उपासक झाले आहेत. डॉ. एम. एस. मणि यांनीं आग्रा येथें कीटकशास्त्राची परंपरा उभारली आणि या सूक्ष्म माश्यांवर आयुष्यभर लिहिलें. केरळांतील कालिकत विद्यापीठाचे डॉ. टी. सी. नरेंद्रन यांनीं फुगीर मांडीच्या माश्यांवर १९८९ सालीं मोठा ग्रंथ दिला. आपल्याकडील ऊस पिकविणारे शेतकरी खोडकिडीवर 'ट्रायकोकार्ड' लावतात. त्या कागदावर चिकटविलेल्या अंड्यांतून ट्रायकोग्रामा नांवाची माशी निघते. ती अर्ध्या मिलिमीटराच्या आसपास असते आणि किडीच्या अंड्यांतच आपलें अंडें घालते. या माशीच्या जाति इतक्या सारख्या दिसतात कीं, जगभर त्यांच्या नांवांचा गोंधळ माजला होता. नराच्या जननेंद्रियांची घडण पाहिली म्हणजे जाति निश्चित ओळखतां येते, हें बंगलोर येथें काम करणाऱ्या सुधा नगरकट्टी व एच. नागराज या दोघांनीं १९६८ ते १९७१ च्या सुमारास दाखवून दिलें. आज जगांत जेथें जेथें ही माशी ओळखावयाची असते, तेथें तेथें या लक्षणाची मदत घेतली जाते.

अगदीं अलीकडची एक हकीकत सांगतों. पपईवरील एका पिठ्या ढेकणाला १९९२ सालीं मेक्सिकोंतील नमुन्यांवरून शास्त्रीय नांव मिळालें. त्याच्यावर जगणाऱ्या एका सूक्ष्म माशीचें नांव २००३ सालीं नॉयस व शॉफ या दोघांनीं निश्चित केलें. २००८ सालीं हा ढेकूण कोइमतूर भागांत प्रकट झाला, आणि पुढें महाराष्ट्रांतही पुण्याच्या बाजूच्या पपईच्या बागा त्यानें पांढऱ्या करून टाकल्या. औषधें फवारून शेतकरी थकले. परंतु या वेळीं नांवें ठाऊक होतीं. त्यामुळें कोठें पाहावयाचें आणि काय मागवावयाचें हें शोधण्यांत वर्षें गेलीं नाहींत. २०१० सालीं पोर्टो रिको बेटांतून ती माशी आणविली गेली, बंगलोरच्या संस्थेनें वाढविली आणि बागांतून सोडली. थोड्याच काळांत ढेकणाचा जोर ओसरला. कॅलिफोर्नियांत जें अर्ध्या शतकांत झालें नाहीं, तें येथें दोन-तीन वर्षांत झालें. फरक एवढाच कीं, पटावरचें नांव बरोबर होतें.

काम संपलें आहे असें मात्र समजूं नये. या सूक्ष्म माश्यांच्या एकाच मोठ्या गटांत वीस हजारांहून अधिक जातींचीं वर्णनें झालीं आहेत, आणि अज्ञात जाति त्याच्या कितीतरी पट असाव्यात असें जाणते मानतात. १९९७ सालीं अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांतून वर्णिलेल्या एका परीमाशीचा नर अवघा ०.१३९ मिलिमीटर भरला. त्याला पंख नाहींत आणि डोळेही नाहींत. आतां आनुवंशिक द्रव्याची मांडणी वाचून जाति ठरविण्याची नवी रीत निघाली आहे. तिच्या साह्यानें २०२२ सालीं या गटाची फेरमांडणी होऊन त्यांत पन्नास कुलें मानण्यांत आलीं. कोस्टा रिका देशांतील इक्न्यूमनच्या भाऊबंदांपैकीं ४०३ नव्या जातींना २०२१ सालीं मुख्यतः याच रीतीनें नांवें दिलीं गेलीं, तेव्हां शास्त्रज्ञांत मोठा वाद माजला. नांव मिळालें, पण पुढच्या मनुष्यानें माशी डोळ्यांनीं ओळखावी कशी, असा आक्षेप घेण्यांत आला. वॉकरच्या त्रोटक वर्णनांवर सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं जी तक्रार होती, तीच नव्या वेषांत पुन्हां उभी राहिली. घाई आणि धीर यांचा हा जुना झगडा यंत्रें बदलल्यानें मिटत नाहीं.

आणखी एक गोष्ट चिंतेची आहे. बांधावरचीं रानफुलें गवताबरोबर कापलीं जातात, तणनाशकानें जळतात, डांबरी रस्त्याखालीं गाडलीं जातात. शेतांत मित्रमाशी सोडली आणि बांधावर तिला मध देणारें एक फूलही ठेविलें नाहीं, तर आपण पाहुण्याला बोलावून उपाशी परत पाठविल्यासारखें होईल. ज्या माश्यांना अद्याप नांव नाहीं, त्यांच्या बाबतींत तर आपण काय गमावीत आहों हें नोंदविण्यापुरतीही जागा आपल्या पटावर नाहीं.

भ्रमरकीटकन्यायांत अळी माशीचें ध्यान करून माशी होते, असें म्हटलें आहे. अळीच्या बाबतींत तें खरें ठरलें नाहीं. परंतु त्या माशीचें ध्यान ज्या माणसांनीं केलें, त्या ताओ होंगचिंगपासून बंगलोरच्या अभ्यासकांपर्यंत, त्यांच्या ठिकाणीं कांहीं पालट खास झाला असला पाहिजे. एरव्हीं डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवाचे पावलाचे सांधे मोजीत कोणी आयुष्य वेंचीत नाहीं. आपल्या घरच्या मुलानें एखादे दिवशीं कोथिंबिरीच्या फुलावरचा चकाकणारा ठिपका दाखवून "हें काय आहे?" असें विचारलें, तर "कसला तरी किडा" असें म्हणून त्याला वाटेस लावूं नका. एक साधें भिंग त्याच्या हातीं द्या आणि पावलाचे सांधे मोजावयास सांगा. नांव लगेच सांपडणार नाहीं. पण नांव शोधण्याची वाट तेथूनच सुरू होते. इतकें सांगून आपली रजा घेतों.